खांद पाहणारा रनर

बैल दिसला की त्याचा उजवा हात आपोआप उठायचा. शिंगं नाही, रंग नाही, शेपूट नाही; तळहात सरळ बैलाच्या मानेवर, जू बसतं त्या जागी टेकायचा. डोळे मिटायचे. मनात पाच आकडे मोजावेत एवढा वेळ जायचा. मग "बरं हाय" नाहीतर "नाई जमत" एवढंच बोलून तो डाकेची थैली सावरायचा आणि पुढे निघायचा.

जू घासून घासून बैलाच्या मानेवरचं कातडं घट्ट होतं, त्याला आमच्याकडे खांद म्हणतात. हा माणूस खांद पाहायचा. बाकी सगळं बाजारात विकत मिळतं, असं त्याचं म्हणणं.

तो आमच्या गावचा डाकेचा रनर. नाव होतं, हजेरीपटावर मीच रोज लिहायचो, पण गावात कुणी ते उच्चारल्याचं मला आठवत नाही. सगळे 'रनर'च म्हणायचे. गाव कारंजा लाडच्या बाजूचं. आता वाशीम जिल्हा म्हणतात, तेव्हा आम्ही अकोल्यात मोडत होतो. मी प्राथमिक शाळेचा मास्तर आणि शाळेच्याच एका खोलीत भरणाऱ्या डाकघराचा पोस्टमास्तरही. एसटीच्या फाट्यावरून थैली आणायची, पत्रं वाटायची आणि गावची डाक परत फाट्यावर पोचवायची, हे त्याचं काम. त्याला चालत येताना मी कधी पाहिलं नाही. तो पळतच यायचा. एकदा भर उन्हात धापा टाकत आला तेव्हा मी वैतागून म्हणालो, "अहो, मरायचंय का? सावकाश या की."

"खात्यानं रनर नाव ठेवलं ना मास्तर? मंग पयाव लागते."



गावातल्या माणसांच्या खांद्यावर हात ठेवायची त्याला मुभा नव्हती. छप्पन साली त्याच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, जुनी कामं टाकून दिली. गावानं मात्र जुन्या सवयी टाकल्या नव्हत्या. पत्र घेऊन दारात गेला की काही घरी "ठेव तिथं" म्हणून ओट्याची कड दाखवायचे. बैलांची काही हरकत नव्हती. पोळ्याच्या आदल्या दिवशी घरोघरी बैलांची मान तुपा-हळदीनं शेकतात, त्या दिवशी आमची डाक हमखास उशिरा वाटली जायची, कारण रनर गोठ्यागोठ्यात डोळे मिटून उभा असायचा.

आता आमच्या पटाबद्दल सांगायला हवं. माघात नदीपलीकडच्या पडीक रानात शंकरपट भरायचा. शेजारी शेजारी दोन सरळ वाटा, दोन हलके छकडे, दोन जोड्या. जी आधी पोचली ती जिंकली. मानोऱ्याच्या, इंझोरीच्या, मंगरूळच्या जोड्या यायच्या. आमच्याकडची रीत अशी होती की ज्याला जी जोडी पसंत, त्यानं तिच्या बाजूच्या बांधावर जाऊन उभं राहायचं. कुणी धोतरजोड्याची पैज लावो की जिलेबीची, आपला डाव कुठं आहे ते साऱ्या मुलखाला दिसायचं. लपवायची सोय नव्हती.

आणि काय एकेक जाणकार होते आमचे! गावचा शिंपी बैलाच्या अंगावरचे केसांचे भोवरे पाहायचा. कपाळावर एक भोवरा म्हणजे राजयोग, मागे दोन म्हणजे घात. चक्कीवाला बैलाकडं बघायचाच नाही. पटाला जाताना वाटेत कोण आडवं आलं त्यावर त्याची जोडी ठरायची. एके वर्षी त्याला म्हैस आडवी आली, तर हा शहाणा काळी जोडी शोधत सगळी पड फिरला. सरपंचांना रंग लागायचा. दोन्ही बैल एका रंगाचे, एका उंचीचे, जणू आरशात पाहून घडवलेले असले की ते मिशीवरून हात फिरवून त्या बांधावर जायचे. मी स्वतः शिंगांवर भरवसा ठेवायचो. पट्टी घेऊन मापायचोसुद्धा. हसू नका, मी शिकलेला माणूस होतो.

ही मंडळी पटाच्या आदल्या दिवशी डाकघरासमोर जमायची आणि दुपारभर भांडायची. रनर दाराशी उभा राहून पत्रांवर शिक्का मारायचा. सभा मोडली की मग खरी गंमत सुरू व्हायची. आधी शिंपी एकटाच परत यायचा. इकडं तिकडं पाहायचा.

"रनर, माह्यं पत्र आलं का?"

"पत्र नाई जी. इंझोरीची जोडी आली."

शिंपी खाकरून निघून जायचा. घटकाभरानं चक्कीवाला. त्याचंही पत्र. मग सरपंच, त्यांची मनिऑर्डर. प्रत्येकाला वाटायचं, ही युक्ती आपल्यालाच सुचली. दुसऱ्या दिवशी पटात सगळे एकाच बांधावर भेटायचे आणि एकमेकांच्या जाणकारीचं कौतुक करायचे. मी खिडकीआडून हे सगळं पाहायचो आणि मग मीही विचारायचो. फक्त मला पत्राचं सोंग करायची गरज नव्हती.

"कसं कळतं हो तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

त्यानं सदरा बाजूला करून आपला डावा खांदा दाखवला. थैलीच्या पट्ट्यानं तिथं बोटभर जाड घट्टा पडला होता. "एक बैल वढते अन् दुसरा नुस्ता संगं चालते, त त्यायची खांद येगयेगयी राह्यते. अशी जोडी निंघते जोरात, पन शेवटी वाकडी जाते. दोघायची खांद सारखी पाह्यजे. तुमी हात लावून पाहा, तुमाले बी समजन."

"तुम्ही का लावत नाही मग एखादी पैज?"

"मी लावत नाई मास्तर. मी पाह्यतो."

मला त्यानं शिकवलं. वर्षभर मी वाटेत दिसेल त्या बैलाच्या मानेवर हात ठेवत हिंडलो. शाळेतली पोरं हसायची. पण कळायला लागलं, खरंच कळायला लागलं!

मग दुष्काळ आला. दोन वर्षं पट भरला नाही. चारा नव्हता, लोकांनी बैल मिळेल त्याला देऊन टाकले. रनरच्या घरी एकच बैल उरला, तांबडा, कपाळावर पांढरा डाग असलेला. शेजारच्या सुदामकडेही एकच, मातकट पांढरा, तांबड्याहून चार बोटं ठेंगणा. दोघांनी आपले बैल एका जुवाखाली आणले आणि दुष्काळी कामावर दोन वर्षं रस्त्याची खडी वाहिली. पाऊस आला तरी ती जोडी सुटली नाही. आज याचं शेत, उद्या त्याचं.

दुष्काळानंतरच्या पहिल्या माघात पट भरणार म्हटल्यावर मुलूख उसळला. कारंज्याच्या एका कापूस अडत्यानं नवीकोरी जोडी आणली होती. पांढरीशुभ्र, शिंगं एकसारखी, अंगावर रेशमी झूल. डाकघरासमोर सभा भरली. भांडायला काही उरलंच नव्हतं. शिंप्याचा भोवरा, सरपंचांचा रंग, माझी शिंगं, सगळं त्या एका जोडीत होतं. सभेच्या भरात सरपंचांनी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर विचारलं, "काय रनर, यंदा कोनाची?"

"आमची," रनर म्हणाला.

एक क्षण कुणाला कळलंच नाही. मग असा हशा पिकला की शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली. शिंपी तर खाली बसला. "तांबडा अन् मातकट? एक जिन्यावर अन् एक जमिनीवर! काय बापा, रनर, ऊन लागलं काय तुले?"

रनर हसला नाही. त्यानं शिक्का खाली ठेवला. "लावून राह्यलो मी यंदा. आमी हारलो, त पटात मी कोनत्याच जोडीबद्दल तोंड उघडनार नाई. कधीच नाई. अन् आमी जितलो, त पुढच्या पोळ्याले आमचे बैल तुमच्या तोरनाखालून जातीन. येगळे नाई. रांगेत, मधात."

हशा थांबला. तोपर्यंत त्याच्या वस्तीचे बैल पोळ्याला गावच्या तोरणाखाली येत नसत. ते आपले वस्तीतच पुजले जायचे. हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणी कधी बोलत नव्हतं. सरपंचांनी मिशीवरून हात फिरवला. "कबूल," ते म्हणाले. हरायचं नाहीच, तर कबूल करायला काय जातं?

त्या रात्री मला झोप आली की नाही ते सोडा, सकाळचं सांगतो. मी सगळ्यांच्या आधी पटावर गेलो, अडत्याच्या गड्याशी गोड बोललो आणि रनरच्या जोडीसमोर पळणार होती त्या पांढऱ्या जोडीच्या मानांवर हात ठेवला. उजव्याची खांद फुगलेली, दगडासारखी. डाव्याची कोरी, लोण्यासारखी मऊ. माझ्या तळहाताला कळलं. स्वच्छ कळलं. आणि तरीही, वाचकहो, मी कुठं उभा राहिलो ते सांगायला मला आजही लाज वाटते. त्या बांधावर सरपंच होते, शिंपी होता, चक्कीवाला होता, सगळं गाव होतं. पलीकडच्या बांधावर फक्त त्याच्या वस्तीतले पन्नास-साठ जण. मी गावाबरोबर उभा राहिलो.

सुदाम स्वतः धुरकरी झाला, म्हणजे छकडा हाकायला बसला. बैलांवर झूल नाही, गोंडे नाहीत. सुटायच्या खुणेचा रुमाल पडला. पांढरी जोडी अशी सुटली की आमच्या बांधावर टोप्या उडाल्या. अर्ध्या वाटेपर्यंत ती दोन हात पुढं होती. मग उजवा बैल ओढू लागला आणि डावा त्याच्यामागं फरफटू लागला. छकडा तिरपा झाला. तिरपा झाला तो झालाच. पलीकडच्या वाटेवर तांबडा आणि मातकट खडी वाहावी तसे मान खाली घालून एका तालात येत होते, ना एक पुढं ना एक मागं. ते शेजारून गेले, पुढं गेले, आणि पोचलेसुद्धा! सुदामला छकडा थांबवता येईना, बैल नदीपर्यंत गेले.

पलीकडच्या बांधावर बाया, म्हातारे, सगळे नाचत होते. कुणीतरी हलगी आणली होती. आणि मला काय झालं कोण जाणे, मी हरलेल्या बांधावर उभा राहून टाळ्या पिटत होतो, ओरडत होतो. चक्कीवाल्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मलाच म्हैस आडवी गेली असावी.

रनर गर्दीतून माझ्याकडं आला. पहिल्यांदाच, सगळ्या गावादेखत, त्यानं माझ्या खांद्यावर तळहात ठेवला. डोळे मिटले. थांबला.

"मास्तर, तुमी तिकडं उभे होते जी?"

मी मान खाली घातली.

"कोरी हाय," तो म्हणाला. रागानं नाही, डागदर नाडी पाहून सांगतो तसं. आणि परत आपल्या माणसांत नाचायला गेला.

पुढचे सहा महिने तो रोज थैली आणत होता, रोज बोलत होता, हसत होता. मीच आतून स्वतःला खात होतो.

पोळ्याच्या सकाळी मंडळी तोरणाजवळच्या पारावर बसली तेव्हा सरपंच हळूच म्हणाले, "ते पटातलं थट्टेत झालं होतं. गावाचा रिवाज हाय, असा कसा मोडता येईन?" तीन-चार माना हलल्या. मी तापट माणूस, पण तोवर माझा ताप फक्त पोरांवर निघायचा. त्या दिवशी उभा राहिलो. 

"थट्टा होती, तर दोन्हीकडून थट्टा होती," मी म्हणालो. "ते हरले असते, तर त्यांना पटात तोंड उघडू दिलं असतं तुम्ही? मी तिथं होतो. सरपंच 'कबूल' म्हणाले, मी ऐकलं. बैल रांगेत आले नाहीत, तर मीही या तोरणाखाली येणार नाही."

सरपंचांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात शिंपी पुटपुटला, "मास्तर खरं म्हन्ते. अन् मी म्हन्तो, पुढच्या माघात आपल्याले जोडी सांगन कोन?"

"म्हंजे? तू बी त्याले इचारतं?" चक्कीवाला ओरडला.

"तू कायले इचारतं मंग?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, मग सरपंचांकडं. सरपंच तोरणाच्या आंब्याच्या पानांकडं बघू लागले. "मनिऑर्डर," मी हळूच म्हणालो. आणि काय सांगू, सगळा पार हसून लोळला, शेवटी सरपंचसुद्धा. "येऊ द्या बापा," ते डोळे पुसत म्हणाले, "येऊ द्या."

वाजंत्री वाजली. रांगेत चौथ्या जागी तांबडा आणि मातकट. सुदामच्या हातात दोर, डोक्याला नवा रुमाल. मागून वस्ती आली, सगळीच्या सगळी. बैल तोरणाखालून गेले तेव्हा एक पान तुटून तांबड्याच्या पाठीवर पडलं, ते कुणी काढलं नाही. मी रडलो. रडलो म्हणजे चारचौघांत, नाक ओढत रडलो.

सरपंच आपल्या ओट्यावरून हाक मारून म्हणाले, "रनर, या. बसा जरा वर."

रनर रांगेच्या शेवटी उभा होता, थैली खांद्याला. शाळेला पोळ्याची सुटी होती, डाकेला नव्हती. "बसलो असतो जी," तो म्हणाला, "पन मोटर निंघून जाईन."

जाता जाता माझ्याजवळ थांबला. पुन्हा तो तळहात माझ्या खांद्यावर आला, मागच्या वेळेपेक्षा जरा जास्त वेळ राहिला.

"खांद उमटून राह्यली, मास्तर."

त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी वाशीमला राहतो. कुठं बैल दिसला की अजून माझा हात उठतो, आणि डोळे मिटले की मला त्याची ती पाठ दिसते: मागं वाजंत्री, पुढं फाट्याची वाट, डाव्या खांद्यावर थैली, आणि साऱ्या गावाला ओट्यावर वाट बघत ठेवून तो पळतोय. त्या दिवशीची डाक वेळेवर पोचली.