आई गोड बोलायला लागली

स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरल्यावरही आईचं तोंड शाबूत होतं. आमगावच्या आमच्या गल्लीत तिच्या शिव्या न खाल्लेलं माणूस नव्हतं. त्यात बाबा पहिले.

त्यामुळे मी फुलचूरहून माहेरी गेले आणि ती बाबांना म्हणाली, "बसा न पाहुणे, उभे काऊन?" तेव्हा मी आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. बाबा मात्र लगेच बसले. खुशीत होते.

"दोन दिवसांपासून भांडून नाही राहिली," ते म्हणाले. "औषध लागू पडलं."

आई घटाघटा पाणी पीत होती, सारखी लघवीला जात होती आणि मधल्या वेळेत झोपत होती. संडासला मात्र झालंच नव्हतं. मी ऑटो बोलावला.

"बरी तर आहे, कायले नेतेस?" बाबा म्हणाले, पण चप्पल घातली.

गोंदियाला दवाखान्यातल्या इमर्जन्सीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "माताजी, ये कौन हैं?"

आईने बाबांकडे पाहिलं. "भले माणूस आहेत," ती म्हणाली.

बाबांचा चेहरा उतरला.

रक्ताचा रिपोर्ट आला. कॅल्शियम फार वाढलं होतं. हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं, त्याने माणूस भ्रमतो, हृदयही बंद पडू शकतं, असं बाईंनी समजावलं. लगेच ईसीजी काढला, सलाईन लावलं, कॅल्शियम उतरवायचं इंजेक्शन दिलं. बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तोच प्रश्न केला.

"नवरा आहे माहा," आई म्हणाली. "काऊन, तुमाले नाही दिसून राहिला?"

बाई हसल्या. बाबा बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

सुट्टी देताना बाईंनी आम्हाला बाजूला घेतलं. हे पुन्हा होईल, म्हणाल्या. भरपूर पाणी पाजा; गुंगी आली, बोलणं बदललं की थांबू नका, सरळ इथे आणा.

"मंग बरी नाही होणार?" बाबांनी विचारलं.

"कॅल्शियम उतरवता येतं," बाई म्हणाल्या. "आजार नाही बरा करता येत."

बाबांनी मान हलवली आणि पाण्याची बाटली भरायला गेले.

धान कापणीच्या दिवसांत त्यांचाच फोन आला. "तुही माय झोपूनच राहिली. आमी निघालो, तू दवाखान्यात ये."

मी काही विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला होता.