कुंदाकाकूंनी न शिवलेली गोधडी

भांडुपच्या कुंदा परब यांनी शपथ घेतली ती भरल्या घरात, गणपतीसमोर, आणि ऐकायला सगळे नातेवाईक हजर होते.

"ताई, यापुढे तुमच्या घरासाठी मी एक टाका घालणार नाही."

ताई म्हणजे मुलुंडच्या थोरल्या जाऊबाई, रत्नप्रभा. कुंदाकाकूंनी दोन महिने खपून शिवलेली गोधडी त्यांनी बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला होता. त्याच डब्यातून त्या लाडू घेऊन आल्या, काकूंनी डब्याचं कौतुक केलं, आणि ताईंनी भोळेपणाने तो कुठून आला ते सांगून टाकलं.

"अगं, जुनी झाली होती ना ती!"

"गोधडी जुन्याचीच असते, ताई!"

या गोष्टीला सहा वर्षं झाली. काकूंनी शपथ पाळली. मग ताईंच्या मुलीचा, गार्गीचा, फोन आला. रत्नप्रभाताई बँकेत नोकरीला, त्यामुळे गार्गी दहावीपर्यंत रोज शाळा सुटली की काकीकडे. डबा काकीचा, अभ्यास काकीचा, धपाटेही काकीचेच.

"काकी, सहावा महिना लागला. बाळाला गोधडी तुझ्या हातची हां!"

"आईला सांग, बोहारणीकडून आण म्हणावं."

"काकी, यार!"

"यार काय? शपथ आहे माझी."

फोन ठेवून काकू मशीनवर बसल्या. त्या दिवशी सुईत दोरा ओवायला त्यांना फार वेळ लागला.

आता काकूंची पद्धत सांगायला हवी. त्या शिवण थेट कापडावरून कधीच सुरू करत नाहीत. तसं केलं की त्यांचं जुनं मशीन कापडाचा कोपरा खाली ओढून घेतं आणि दोऱ्याचा गुंता करून ठेवतं. म्हणून आधी एका चिंधीवर दोन बोटं शिवायचं, दोरा न तोडता तसंच खऱ्या कापडावर जायचं, आणि शिवण संपली की पुन्हा चिंधीवर उतरायचं. मधला दोरा कापला की काम मोकळं. चिंधी मात्र सुईखालीच, पुढच्या शिवणीची वाट बघत. वर्षानुवर्षं ही चिंधी म्हणजे एक कळकट फडकं होतं. त्यावर इतके टाके पडलेले, की ते हातात उभं राहायचं.

तेव्हा काकूंकडे ठाण्याच्या एका दुकानाच्या बारा गोधड्यांचं काम होतं. फोननंतर आठवड्याभरात काकूंच्या यजमानांच्या, धोंडिरामांच्या, लक्षात आलं, की चिंधी बदललीय.

"कुंदा, ही गार्गीच्या फ्रॉकची ना गो?"

"चिंधी ती चिंधी. मशीनला पहिला घास लागतो."

"आणि ही तुझी मऊ सुती साडी? तीपण घास?"

"एकच एक खाऊन कंटाळतं मशीन."

"पण तुकडे अगदी चौकोनी कापलेस!"

"मग वाकडे कापू? हाताला सवय नाही."

धोंडिराम चाळीस वर्षं संसार केलेला माणूस. ते पेपरात शिरले.

दुकानाच्या गोधडीची एक शिवण, की चिंधीची दोन बोटं. दोन चौकोनांचे चार झाले, चाराचे आठ. संक्रांतीपर्यंत चिंधी उशीएवढी झाली. होळीच्या आधी तर सुईखालून दुकानाचं काम पुढे सरकवायला काकूंना चिंधी मांडीवर गोळा करून घ्यावी लागे. एका सकाळी तिच्यात कापूस भरून तिला अस्तर लागलं.

"चिंधीक अस्तर?"

"थंडी आहे."

मार्च महिना होता.

पण दोन गोष्टी एकदम झाल्या. बारावी गोधडी पुरी होऊन दुकानात गेली, आणि त्याच दुपारी गार्गीला मुलगी झाली, दोन आठवडे आधीच. चिंधीची तीन बाजूंची कड दुमडून शिवून झाली होती. चौथी उघडी. आणि खरं काम संपलं, तर चिंधी कशासाठी शिवायची?

"माझो लेंगो शिव," धोंडिराम म्हणाले.

"कुठे उसवलाय?"

धोंडिरामांनी आत जाऊन तो उसवून आणला. चार बोटं कड पुढे गेली. बाकीची तशीच राहिली.

बारशाला काकू कापडी पिशवी घेऊन मुलुंडला गेल्या. पाळणा फुलांनी सजलेला, घुगऱ्या वाट्यांत भरलेल्या. गार्गीने पिशवीत हात घातला आणि ती किंचाळलीच.

"आई, माझा फ्रॉक बघ! गोधडीत!"

रत्नप्रभाताईंनी गोधडी उलटसुलट पाहिली. "कोणी शिवली?"

"कोणी नाही," काकू म्हणाल्या. "बारा गोधड्या शिवताना आपोआप झाली. चिंधी आहे ती."

"असं होय." ताईंनी चष्मा नीट केला. "मग आमच्याकडे चिंध्या पाळण्यातच ठेवतात."

"पण एक कड उघडी आहे. कापूस बाहेर येईल. पोरीच्या नाकातोंडात जायचा."

"मग शिव की. सुई आणून देते."

"शपथ आहे."

गार्गी बाळाला घेऊन उभी. शेवटी ताई स्वतःच खाली बसल्या. आयुष्यभर त्यांनी नोटांच्या थप्प्या लावल्या होत्या, सुई कधी धरली नव्हती. काकूंनी दोरा ओवून दिला, कारण ओवणं म्हणजे शिवणं नव्हे. ताईंनी पहिला टाका घातला. दुसरा त्याच्यापासून एवढा लांब, की मधून गहू सांडला असता. तिसरा पहिल्यावर चढला.

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. पाळण्याकडे पाहिलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. जावेला माफ करणं त्यांना अजून जमलेलं नव्हतं, पण ताईंनी घातलेला चौथा टाका बघवला नाही.

"सरका, ताई."

"आणि शपथ?"

"शपथ गेली खड्ड्यात, हे काय केलंय बघा आधी! आणा ती सुई."

त्यांनी चारही टाके उसवले. बाळाला नाव मिळायला वीस मिनिटं उशीर झाला. गार्गीची सासू दोनदा घड्याळाकडे बघून गेली, पण काकूंना ती दिसलीच नाही.

"ताई, ते टोक धरा. घट्ट. ओढू नका."

"धरलंय गं."

"ओढू नका म्हटलं ना!"