आप्पांचा लिटर

आप्पांचा हात आधी उठायचा आणि तोंड मागाहून उघडायचं. भाट्याच्या रस्त्यावर त्यांचं आइस्क्रीमचं दुकान होतं, तिथे मी सहा वर्षं ऑर्डरी घ्यायला होते. तेवढ्या काळात त्यांनी फोडलेल्या बरण्या आणि एका बर्फवाल्याच्या नाकातून काढलेलं रक्त मी पाहिलं. माझ्या कानाजवळूनही एकदा पितळी डाव गेला. तरी त्या माणसावर माझा जीव होता, आणि तो का, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

लिटरला कोणी किलो म्हटलं की संपलंच. गणपतीपुळ्याहून परतणारा एक पाहुणा हुज्जत घालू लागला, "एक लिटर म्हणजे एक किलोच की." आप्पांनी त्याची कॉलर धरली आणि त्याचं तोंड तराजूपाशी नेलं. एक लिटरचे दोन डबे ठेवले. एकात बाहेरचं आइस्क्रीम, दुसऱ्यात आप्पांनी पॉटात हाताने फिरवलेलं हापूसचं. पहिलं साडेपाचशे ग्रॅम भरलं, दुसरं साडेआठशे. "बघ मेल्या, बाकीची हवा. ती समुद्रावर फुकट मिळते." पाहुणा जाताना हापूसचे दोन डबे घेऊन गेला.

पुढे खांदा धरला, म्हणून आप्पांनी नाइलाजाने मशीन घेतलं. मशीन आइस्क्रीममध्ये हवा भरतं. आमचाही लिटर सहाशे ग्रॅमवर आला. त्या दिवशी त्यांनी मशीनला लाथ घातली आणि मला बजावलं, "बाय, आकडा बदललाय. जुन्यावर गेलीस तर हात मोडीन तुझा."

मी जुन्यावरच गेले. एका लग्नाची चौतीस किलोंची ऑर्डर होती. सवयीने साडेआठशेचा हिशेब धरला आणि लिटरचे चाळीस डबे पाठवले. त्यात आइस्क्रीम होतं जेमतेम चोवीस किलो. वरपक्षाची शेवटची पंगत आइस्क्रीमवाचून उठली.

तासाभरात नवरीचा मामा चौघांना घेऊन दुकानात घुसला. आमच्याच फ्रीझरमधला एक डबा काढून त्याने तराजूवर आपटला. सहाशे. "हिशेब कोणी केलान?" त्याने विचारलं. मी मागे फ्रीझरपर्यंत सरकले. आप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी केला," ते म्हणाले.

त्या पाच जणांनी आप्पांना काउंटरवरून ओढून खाली पाडलं आणि लाथांनी तुडवलं. मामाने पॉटाचं लोखंडी हँडल उचललं आणि त्यांच्या उजव्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. आप्पांनी एकदाही हात उगारला नाही. "वजन कमी होतं, मारा," एवढंच म्हणत राहिले. मी फ्रीझरला पाठ लावून उभी होते.

दवाखान्यात मी रडत म्हटलं, "आप्पा, चूक माझी होती."

"ठाऊक हाय मला. तुला मीच मारणार होतो, ते आधी आले."

प्लॅस्टर निघालं, पण त्या हातात जोर आला नाही. आइस्क्रीमचा डाव त्यांना धरवेना. दुकान बंद झालं आणि रागही हळूहळू गेला, तेच मला बघवत नव्हतं. गेल्या वर्षी आप्पा गेले.

त्यांचे दिवस झाल्यावर मी त्या मामाच्या घरी गेले. हिशेब मी केला होता, आप्पांनी नाही, असं त्याला सांगितलं. तो ओटीच्या पायरीवर येऊन उभा राहिला.

"मी म्हाताऱ्याचा हात मोडला, तू समोर होतीस," तो म्हणाला. "तेव्हा का नाय बोललीस?"

"मार बसेल म्हणून भ्याले," मी म्हटलं.

त्याने मला आत ये म्हटलं नाही.