आई शुद्धीवर येईपर्यंत

माझी मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली, तेव्हा माझ्या तोंडून देवाचं नाव निघेना. पुसदहून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेताना बायकोला गाडीतच झटके आले होते. ऑपरेशन झालं, पण ती शुद्धीवर येत नव्हती. ती एका मजल्यावर, लेक दुसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत, आणि मी मधल्या जिन्यात. आमच्या तांड्यावरच्या जगदंबेपुढे मी लहानपणापासून हात जोडत आलो. पण त्या जिन्यात मागणं मागायचीच भीती वाटे. आधी कोणासाठी मागायचं? एकीचं नाव घेतलं तर दुसरी हातची जाईल, असं काहीतरी मनात बसलं होतं.

दुपारी नर्सबाईंनी दारातून हाक मारली. "बाळाचे वडील ना? हात धुवा, शर्ट काढा, आत या. आईला बरं वाटेपर्यंत बाळाला तुम्ही छातीशी घ्यायचं. अंगाची ऊब लागते तिला."

मला वाटलं, शेवटचं पाहायलाच बोलावतायत. तरी हात धुतले, शर्ट काढला.

आत खुर्चीवर राजूरकडची एक म्हातारी बसली होती. तिची सून आजारी, म्हणून नातवाला तिनेच पदराखाली उराशी धरलं होतं. मी तिच्याशेजारी बसलो.

"मावशी, माह्या हातून काई झालं त?"

"काहून भेतं रे बाप्पा? मीबी पहिल्यांदा अशीच भेऊन राह्यलती. जगवनारी वर हाय. तू फक्त धरून बस. पाठीवर हात ठेव, तिचा श्वास तुह्या हाताले समजते."

नर्सबाईंनी लेकीला माझ्या छातीवर ठेवलं आणि वरून कापड गुंडाळलं. दोन्ही तळहातांत मावेल एवढा जीव. हाताखाली तिची पाठ पाखराच्या पोटासारखी हलत होती. मी त्या हलण्याकडेच सारं ध्यान लावून बसलो. आणि एकाएकी ते हलणं थांबलं.

ओठ निळसर दिसले. "सिस्टर!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. नर्सबाई धावत आल्या, तिची पाठ चोळली, तळपायावर टिचक्या मारल्या. शेजारी मावशीने डोळे मिटले होते. मी कसलंच मागणं मागितलं नाही. मनात एवढंच आलं, जगदंबे आई, ही तुझी आहे.

लेकीने उसासा टाकला. पाठ पुन्हा हलू लागली.

"बरं झालं, तुमच्या अंगावर होती. लगेच कळलं," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनाही धाप लागली होती.

भीती त्यानंतरही गेली नाही. रोज लेकीला छातीशी घेताना ती असायचीच. पण जिन्यात मी त्या भीतीसोबत एकटा होतो, इथे तसा नव्हतो. पुढे एका सकाळी बायकोने डोळे उघडले आणि आमच्या बंजारा बोलीत पहिलं विचारलं, "छोरी कत छ?" मुलगी कुठे आहे? नर्सबाईंनीच लेकीला आणून तिच्या उरावर ठेवलं.

मी लेकीला वाचवलं, असं तांड्यावर लोक म्हणतात. मी मान हलवून नाही म्हणतो. श्वास थांबला तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. देवीने मला दाराबाहेरून उठवून लेकीजवळ बसवलं, एवढंच झालं. आणि याहून मोठं मागणं मला सुचलंही नसतं.