दोघांपुरती डोंगी

रस्त्यावर डांबर उकळू लागलं, की मला पैनगंगा दिसते. रझाकारांचं साल होतं. माझ्या नवऱ्याने शर्यतीसाठी अरुंद, हलकी डोंगी बांधून तिला डांबर फासलं होतं. एकाने वल्हवायचं, दुसऱ्याने बाहेर झुकून तोल धरायचा.

त्या दुपारी शेजारच्या गावातून धूर उठला. सासूबाईंना घेऊन आम्ही नदीवर धावलो.

"तिघं बसलो तर बुडंल," नवरा म्हणाला.

"सुनेला ने आधी," सासूबाई म्हणाल्या. "मी थांबते हितंच."

मी बाहेर झुकले आणि डोंगी सुसाट सुटली. मला निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडच्या काठावर उतरवून तो माघारी वळला. तोल धरायला कोणी नसल्याने त्याला हळूहळू वल्हवावं लागलं. तो पोचला तेव्हा काठ रिकामा होता.

"आई!" त्याची हाक मला पलीकडे ऐकू आली. उत्तर आलं नाही, कधीच.

नदी ओलांडताना त्या वेगाने मला क्षणभर हसू आलं होतं. हे मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.