भांडं ठेवलंय, उद्या ये

"भांडं ठेवलंय. उद्या दुपारी ये," एवढंच बोलून बेबीताईने फोन ठेवला आणि माझ्या हातातली मटाराची शेंग तशीच राहिली. बेबीताई म्हणजे माझी नणंद. साठी ओलांडलेली, कागदोपत्री विजया, पण मुलुंडच्या त्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांची बेबीताई. आणि भांडं म्हणजे तिच्या विजेवर चालणाऱ्या आईस्क्रीमच्या मशीनचं भांडं. ते तिने आमच्यापैकी प्रत्येकासाठी कधी ना कधी फ्रीझरमध्ये ठेवलं होतं, माझ्यासाठी तर सर्वांत जास्त वेळा. स्वतःसाठी ठेवल्याचं मला आठवत नव्हतं... ती जाऊन आता दीड महिना झाला, पण ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही.

हे कळायला तुम्हाला त्या घरात आणायला हवं. एक हॉल, एक स्वयंपाकघर, मध्ये प्लास्टिकचं घडीचं दार. हॉलमध्ये खिडकीपाशी पलंग आणि पलंगावर आमच्या सासूबाई, नव्वदीला टेकलेल्या. गुडघे गेले, दात गेले, पण कान शाबूत, आणि तेही नको तितके. स्वयंपाकघरात दूध उतू जाणार हे हॉलमध्ये त्यांना आधी कळायचं. त्या घरात कुणी काही बोललं की त्याला प्रेक्षक ठरलेला. ताईने लग्न केलं नाही, नोकरी केली, आईला सांभाळलं. रिटायर झाल्यावर एका प्रदर्शनातून हे मशीन उचलून आणलं. लहानपणी चाळीत बर्फ आणि मीठ घालून हाताने आईस्क्रीमचा पॉट फिरवताना तिचे दंड भरून यायचे, त्याचा सूड म्हणे. "आता मी बसणार, लाईट फिरवणार," ती म्हणाली. पहिल्यांदा मशीन लावलं तेव्हा ते असं घरघरलं की वरच्या मजल्यावरचे काका चौकशीला आले, ड्रिलिंग किती वेळ चालणार म्हणून.

त्या घरघरीत मी पहिल्यांदा तोंड उघडलं. माझा नवरा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ दिलीप, नोकरी सुटल्याचं घरात न सांगता रोज डबा घेऊन बागेत जाऊन बसत होता. ते मला कळलं होतं आणि कुणाला सांगू हे कळत नव्हतं. मी ताईला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नजर मशीनवर. "बोल गं सुलू," म्हणाली, "ह्या आवाजात बाहेर काही जात नाही." झालं. तेव्हापासून ते मशीन आमच्या खानदानाचा एकांत झालं.

पण ह्या एकांताची एक गंमत होती. भांड्याच्या दुहेरी भिंतीत कसलंसं पाणी असतं, ते रात्रभर गोठवावं लागतं. म्हणजे मन मोकळं करायचं तर आदल्या दिवशी कळवायला हवं. मी फोन करायचे, "ताई, भांडं ठेव ना." ती फक्त विचारायची, "आंबा की साधं?" दुसऱ्या दिवशी गेलं की ती भांडं माझ्या कानाशी धरून हलवायची. आत खळखळ ऐकू आली तर "अजून बोलतंय, थांब." आवाज नसला की "गप्प झालं. आता तू बोल." मग मशीन सुरू, मिश्रण आत, आणि आम्ही दोघी स्टुलांवर समोरासमोर, घरघरीवर आवाज चढवून. आईस्क्रीम घट्ट व्हायला लागलं की मशीनचा आवाज जड व्हायचा. तो झाला की विषय आटोपता घ्यायचा, हा ताईचा नियम. रडत असाल तरी डोळे पुसायचे. पहिली वाटी हॉलमध्ये आईंना.

एकदा मी अख्खं सीताफळ आईस्क्रीम होईपर्यंत आईंबद्दलच तक्रार केली. सगळे आवाज, सगळ्या नकला, त्यांच्या काठीच्या ठकठकीसकट. ताई हसून स्टुलावरून पडायची बाकी होती. मग मी शहाण्या सुनेसारखी वाटी घेऊन बाहेर गेले. आईंनी चमचाभर तोंडात घोळवलं आणि मालवणीत म्हणाल्या, "बरा झाला हां. तू इलंस की आयस्क्रीम चांगला होता. येत जा गो." मी आत आले आणि आम्ही दोघी ओट्याला धरून हसलो.

तर तिच्या त्या फोननंतर दुसऱ्या दुपारी मी गेले. शहाळ्याचं आईस्क्रीम होतं, कारण तिला दुसरं काही पचत नव्हतं. ते मला तेव्हाच कळलं. तिने मशीन लावलं, स्टुलावर बसली आणि घरघरीवर आवाज चढवून म्हणाली, "पोटात आहे. पसरलंय. गोळ्या घेईन, पण कापाकापी करणार नाही." मी काही बोलणार, तर तिने हात वर केला. "आज माझी पाळी. आईला कळता कामा नये. तिला कळलं तर ती झोपणार नाही, नुसती माझ्याकडे बघत बसेल. मला ते सोसवणार नाही, सुलू. सोसायटीच्या गणपतीत नाटक करून दरवर्षी बायकांना रडवतेस ना? आता आईला फसवून दाखव." आवाज जड झाला. तिने बटण बंद केलं, पातं काढलं आणि पहिली वाटी भरली.

मी फसवलं. आधी ॲसिडिटी, मग कावीळ, मग डाएट. बारीक झाली म्हणजे शेजारणीच्या नादाने योगा करते. आई ऐकायच्या, मान डोलवायच्या. ताई खूश. एकदा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "देवच पावला बघ. रात्रीत चार वेळा 'बेब्या, पाणी' करणारी आई आता सकाळपर्यंत गाढ झोपते. एक हाक नाही." तेवढीच तिला झोप मिळत होती.

शेवटचे काही दिवस ती हॉस्पिटलात होती, आईंच्या लेखी तपासण्यांसाठी. गेली त्या सकाळी दिलीपने पलंगावर बसून त्यांना सांगितलं. आई रडल्या नाहीत. पाणी मागितलं, प्यायल्या, खिडकीबाहेर बघत राहिल्या. आम्हाला वाटलं, त्यांना कळलंच नाही. मग रात्रीसाठी ठेवलेल्या बाई सांगू लागल्या, आजी रात्रभर हाका मारतात. 'बेब्या, पाणी... बेब्या, पाणी...' पाणी नेलं तर घेत नाहीत. डॉक्टर म्हणाले, वय झालं.

आणि गेल्या आठवड्यात मी निघताना आई म्हणाल्या, "सुलू, भांडा ठेव गो."

मी दारातच थांबले. हा शब्द त्यांच्यासमोर आम्ही कधी काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी दूध आटवलं, साधंच केलं. आईंना हळूहळू चालवत स्वयंपाकघरात आणलं, ताईच्या स्टुलावर बसवलं, मशीन लावलं आणि समोरच्या स्टुलावर बसायला गेले. त्यांनी मान हलवली. "तू भायर जा. दार लावन घे."

मी बाहेर येऊन त्यांच्या पलंगावर बसले. त्या पलंगावर मी पहिल्यांदाच बसत होते. आत कान बधिर करणारी ती घरघर इथवर येईपर्यंत पातळ झाली होती, तानपुऱ्यासारखी खाली घुमत होती. आणि तिच्यावर चढवलेला आईंचा आवाज शब्द न् शब्द येत होता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणाऱ्या मला हे इतक्या वर्षांत सुचू नये. दिलीपची बाग, माझ्या नकला, काठीची ठकठक... आणि शहाळ्याची ती दुपार. सगळं ह्या पलंगावर आलेलं होतं.

"बेब्या, माका म्हायत होता गो," आई आत म्हणत होत्या. "म्हणान रात्रीची हाक मारूक नाय मी. तान लागली तरी नाय. म्हटला, तुका झोप लागांदे..." मग पुन्हा, "आता मारतंय. आता तुझी झोपमोड होवची नाय."

आवाज जड झाला. मी उठले नाही. पातं अडकून टकटक करायला लागलं तरी उठले नाही. शेवटी त्यांनीच हाक मारली, "सुलू, झाला गो." मी आत गेले तेव्हा त्यांचे डोळे पुसून झाले होते. पहिली वाटी त्यांनी तिथेच, ओट्याशी बसून खाल्ली.

रात्रीच्या बाईंना मी एवढंच सांगितलं, आजींना अडवू नका, मारू दे हाका. भांडं धुतलं, कोरडं केलं आणि फ्रीझरमध्ये त्याच्या जागी ठेवलं. परवा गेले तेव्हा बाहेर काढून, ताई धरायची तसं कानाशी धरून हलवलं... आत काही वाजत नाही.