आंब्यांचा भाव

बार्बाडोसच्या बाजारात आंब्यांच्या टोपलीवर ‘दहा डॉलर’ असा पुठ्ठा लावला होता. मी दहाची अमेरिकी नोट दिली. तिथला डॉलर अमेरिकी डॉलरच्या निम्म्या मोलाचा, हे विसरलोच. विकणाऱ्या आजीबाईंनी त्यांच्या चलनातली दहाची नोट परत केली.

“आणि माझी किराण्याची बिलं तीन-तीनदा तपासता!” बायको हसली.

ओशाळून मी आजीबाईंना म्हणालो, “राहू द्या तुम्हाला.”

त्या ताठ उभ्या राहिल्या. “आंब्यांचा भाव मी ठरवलाय. तेवढा मिळाला.”

कुठल्या नोटेला किती मोल, हे बँकेच्या फलकावर रोज बदलत असतं. या बाईंचा शब्द मात्र त्या फलकावर अवलंबून नव्हता. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. ती नोट मी दोन्ही हातांनी घेतली.